आबांच्या बागेतला पाव टनी ट्रेलर

२०२३ च्या एप्रिलमध्ये तासगावजवळच्या मणेराजुरीला आत्याकडं जाऊन परत येत होतो. द्राक्षबागांमध्ये खरड छाटणी चालू होती, बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडलेले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एकदम माझा खांदा धरला. "थांबव. मागं घे." मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. गाडी मागं घेतली तर ते दार उघडून सरळ एका बागेत चालायला लागले.

काड्यांच्या ढिगाशेजारी एक दोनचाकी लोखंडी डबा उभा होता. ट्रॅक्टरचा निळा रंग, वर दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, एचटीपी पंप, पुढं ट्रॅक्टरच्या पिनेला जोडायला वेल्डिंग केलेली यू पट्टी. चाकांना ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे तीन पट्ट्यांचे टायर. फवारणीचा गाडा, आमच्याकडं बागेगणिक एक असतो. अण्णांनी डब्याच्या कडेखाली हात घातला आणि आंधळा माणूस चाचपतो तसं पुढून मागं चाचपत गेले. "हुक आहेत," म्हणाले. "ताडपत्रीच्या दोरीचे सगळे हुक आहेत."

अण्णा ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, चोवीस वर्षं होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्कशॉपच्या जीपमागं असाच ट्रेलर असायचा आणि त्यात वेल्डिंगचं सामान. आमच्याकडं दहा वर्षांपासून महिंद्राची सीजे-३बी आहे, ती आम्ही दोघांनीच उभी केली. तिच्यामागं ट्रेलर हवा असं ते अधूनमधून म्हणायचे. मी ऐकून सोडून द्यायचे.

हा जो प्रकार आहे त्याला पाव टनी ट्रेलर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जीपमागं ओढायला अमेरिकेत बनवला. आतून साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. मोकळा असताना अडीचशे किलोच्या आसपास. कच्च्या रस्त्यावर पाचशे पौंड आणि पक्क्या रस्त्यावर हजार पौंड माल घ्यायचा. बनवणाऱ्या कंपन्यांत पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही एक होती. हिची गोष्ट मला चटका लावते. १९४० मध्ये जीपचा पहिला नमुना याच कंपनीनं करून दिला. मोठ्या ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डकडं गेल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांच्या आतच जीप आल्या, आणि मग युद्धभर ती ट्रेलर बनवत राहिली. ज्यांनी जीप पहिल्यांदा उभी केली त्यांना जीपमागचा डबा बनवायला मिळाला. तो डबाही त्यांनी मन लावून बनवला. आख्खा टब पाणी न शिरणारा, नदीत घातला तर तरंगणारा. तळाला दोन बुचं, आत शिरलेलं पाणी सोडून द्यायला.

युद्ध संपल्यावर परदेशी फौजांनी इथं टाकलेला माल लिलावात निघाला, जीपा आणि ट्रेलर गावोगाव गेले. हा आबांच्या वडलांनी कोल्हापूरच्या एका डिस्पोजलवाल्याकडून आणलेला. आबा म्हणजे बागेचे मालक, पंच्याहत्तरीचे. आधी ह्यातून उसाचं बेणं वाहिलं, मग विटा, मग बाग लागली तसा ड्रम बसला.

"ताई, वजनावर न्या की. भंगारच हाय त्ये," आबा म्हणाले.

अण्णा म्हणाले, "वजनावर नको. गाडी म्हणून भाव सांगा."

चौदा हजारांत ठरलं. ड्रम आणि पंप त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या रविवारी पिकअपमधून ट्रेलर मिरजेला आला.

मी कुपवाड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. लोखंडाशी रोजचा संबंध. पण ह्या ट्रेलरच्या तळानं मला जे दाखवलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. घरी आणून तळावरचा चिकट थर खरवडला तर खाली हिरवट निळी पूड. ती वायर ब्रशनं घासली आणि लोखंडाच्या जागी गुलाबी तांबूस चकाकी दिसली, नुकत्याच चिंचेनं घासलेल्या घंगाळासारखी. आजूबाजूला पत्रा वर्तमानपत्राएवढा पातळ, काही ठिकाणी बोट आरपार.

आबांना फोन केला. ते म्हणाले, "त्ये मोरचुदाचं. आमी बोर्डो करताना इळा बुडवून बगतो न्हवं का."

डावणी ह्या वेलीच्या रोगासाठी बागेत बोर्डो मिश्रण मारतात: मोरचूद आणि कळीचा चुना. चुना कमी पडला तर मिश्रणानं पानं जळतात, म्हणून शेतकरी त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवतात. वर तांबूस थर चढला की समजायचं, अजून चुना घाला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून निघून जातं. आबांकडं सुरुवातीला लोखंडी ड्रम होता, तो गळायचा. मोरचुदाचं पाणी वर्षानुवर्षं ट्रेलरच्या तळात साचलं. तळाच्या बुचांची भोकं कुणीतरी वेल्डिंगनं बंद केलेली, त्यामुळं ते निघून जायला वाटच नव्हती. तीस वर्षं आख्खा ट्रेलर त्या मिश्रणात बुडवलेल्या विळ्यासारखा उभा होता.

तळाचा पुढचा निम्मा भाग कापावा लागला. मागचा वाचला, कारण उभा करताना ट्रेलर नेहमी पुढं झुकलेला असायचा. पुढचा टेकू कधीच गेला होता, आबा एका दगडावर टेकवायचे आणि तो दगड ठेंगणा होता. एका ठेंगण्या दगडानं मागचा तळ राखला.

इथं आमच्या दोघांत पहिला वाद झाला. पत्र्याचं काम करणारे भाऊ म्हणाले, सगळा तळ नवा टाकू, दोन दिवसांत होतं, दिसायलाही एकसारखं. अण्णांनाही ते पटलं होतं. मी नाही म्हणाले. मूळ पत्र्यात दाबून काढलेल्या उभ्या खोबणी आहेत, ताकद द्यायला. त्या आपल्याकडं तशाच्या तशा निघणार नाहीत. जेवढा मूळ पत्रा जिवंत आहे तेवढा ठेवायचा आणि नवा तुकडा त्याला जोडायचा, मग आठ दिवस लागू देत. जुनी वस्तू दुरुस्त करताना सोपा मार्ग नेहमी सगळं बदलण्याचा असतो आणि तो घेत गेलं की शेवटी हातात नवी वस्तू उरते. भाऊंनी सोळा गेजचा पत्रा घेतला, एका जागी सलग वेल्डिंग न करता इथं एक टाका तिथं एक टाका असं करत चार दिवस घालवले, पत्रा कुठंही फुगला नाही. सँडब्लास्टिंग मी फक्त चासीचं करून घेतलं. पातळ पत्रा जोराच्या ब्लास्टिंगनं वाकडा होतो, टबाला तो प्रकार नको. टब हातानं.

हातानं घासण्याचा एक फायदा झाला. डाव्या बाजूच्या आतल्या कोपऱ्यात, जिथं ऊन लागलं नव्हतं, तिथं मी चारशे नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी सोडत सोडत घासत होते. वरचा निळा गेला. खाली रेड ऑक्साइड. त्याखाली चमकदार गडद हिरवा, आपल्या फौजेचा असावा तसा. त्याखाली अजून एक: मातकट, जरा पिवळसर, अजिबात चमक नसलेला हिरवा. चार रंगांची वर्तुळं एकात एक, झाडाच्या बुंध्यासारखी. आणि त्या सगळ्यात खालच्या रंगावर पांढऱ्या रंगाची अर्धी गोल कड, तळहाताएवढी. आकड्याची असेल. मी तिथंच थांबले. पेपर खाली ठेवला आणि अण्णांना हाक मारली. ते कोपऱ्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

चाकं काढताना माझ्या हातून नुकसान झालं, ते इथं लिहून ठेवते, कुणाचा तरी बोल्ट वाचेल. उजव्या चाकाचे नट निघाले. डाव्याचे हलेनात. मी पान्यात चार फुटी पाइप घातला, डिझेल सोडलं, गॅसनं गरम केलं आणि पूर्ण वजन टाकलं. काडकन आवाज आला, स्टड तुटला. अण्णा दुपारची झोप मोडून बाहेर आले. तुटलेला तुकडा हातात घेतला, आट्यांकडं बघितलं. "बाळ, डावी बाजू उलट्या आट्याची असते. तू अर्धा तास तो आवळत होतीस." जुन्या जीपांना डाव्या चाकाचे नट उलटे असायचे, चाक फिरताना आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. आमच्या सीजेची डावी चाकं मी कितीदा काढली आहेत, पण तिचे स्टड आधीच्या मालकानं सुलट्या आट्याचे करून घेतले होते. मी टूलरूममध्ये दिवसभर आटे मोजते, आणि इथं नटाच्या कडेला कोरलेलं एल अक्षर गंजाखाली बघितलं नाही. आधी ब्रश मारायला हवा होता.

आट्यांचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. ही अमेरिकन गाडी, हिचे सगळे आटे इंची: यूएनएफ म्हणजे बारीक आणि यूएनसी म्हणजे जाड. आपल्याकडच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात इंची बोल्ट म्हटलं की व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्याचे, देतात. बऱ्याच मापांत व्हिटवर्थ आणि यूएनसी यांचे इंचातले आटे सारखेच असतात, म्हणून बोल्ट चालून जातो. पण अर्धा इंची बोल्टला व्हिटवर्थचे इंचाला १२ आटे आणि यूएनसीचे १३. दोन-तीन फेरे सहज जातात, मग जाम होतो, मग माणूस जोर लावतो आणि दोन्हीकडचे आटे फाटतात. आबांच्या ट्रेलरवर असे सात बोल्ट निघाले. अर्धा इंच बोल्ट घेताना आटे मोजायची पट्टी खिशात ठेवा. चाकांचे स्टड अर्धा इंचच, पण बारीक आट्याचे, इंचाला २०.

पार्टसाठी फिरणं हा वर्षभराचा उद्योग झाला. बेअरिंग सगळ्यात सोपं निघालं. हबमधून जुनं काढून पुसलं, वर १८५९० नंबर स्पष्ट होता. तो जीपचाच नंबर, सांगलीत एका दुकानात विचारल्यावर मुलानं वर न बघता कपाटातून काढून दिलं. ब्रेकचे लायनर जीपचे. पाट्यांचे शॅकल आणि बुश जीपचे. ह्या ट्रेलरला चालताना लागणारा ब्रेक नाहीच, फक्त उभा करताना ओढायचा हँडब्रेक. त्याची केबल मिरजेतच करून मिळाली. रिम कराडच्या एका भंगारवाल्याकडं. पाच बोल्ट, साडेपाच इंचाचं वर्तुळ, म्हणजे आपल्या जुन्या महिंद्राचंच. टायर ६.००-१६, माप सहज मिळतं कारण ट्रॅक्टरलाही तेच लागतं, पण जीपच्या जाड ठोकळ्यांची नक्षी हवी असेल तर दिल्लीच्या मायापुरीत किंवा मंडी डबवालीत विचारायला लागतं. हरियाणातलं मंडी डबवाली जीपा बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथून ट्रान्सपोर्टनं दोन टायर मागवले. भाडं टायरच्या निम्म्या किमतीएवढं पडलं.

मागचा दिवा पुण्याच्या जुन्या बाजारात. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आम्ही पाच रविवार गेलो. पहाटे साडेतीनला मिरज सोडायचं, आठच्या आत तिथं पोचायचं, कारण दहानंतर चांगला माल उचललेला असतो. अण्णांना तिथं विक्रेते ओळखायला लागले. चौथ्या रविवारी एका बाईंनी स्वतःहून गोणपाटात गुंडाळलेला दिवा काढला. "काका, तुमच्यासाठी ठेवलाय, बघा हाच का?" तो नव्हता. पण त्यांनी ठेवला होता. पाचव्या रविवारी त्यांच्याच शेजारच्या पथारीवर योग्य दिवा मिळाला, काच धड, आतला तांब्याचा स्प्रिंगसुद्धा जागेवर.

सगळ्यात अडलं ते पुढच्या कडीशी. जीपच्या मागच्या हुकात जी जाड लोखंडी कडी अडकते ती. आतला व्यास तीन इंच, सगळा ओढ तिच्यावर. ट्रॅक्टरची यू पट्टी बसवताना ती काढून टाकलेली. कडी ओतीव चालत नाही. ओतीव लोखंड हिसक्याला तडकतं आणि मागं अडीचशे किलोचा डबा असतो. सळई वाकवून टोकं वेल्डिंग केलेली तर अजिबात नको. भट्टीत तापवून, ठोकून, एकसंध घडवलेली हवी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फोर्जिंगवाल्यांना ड्रॉइंग करून दिलं. एकच नग म्हणून आधी नको म्हणाले, मग अण्णांशी अर्धा तास बोलल्यावर हो म्हणाले. तीन आठवड्यांनी कडी आली, सुंदर घडवलेली.

ती आली त्याच आठवड्यात आबांकडं जायचं झालं. तळाचं एखादं बूच शेडमध्ये पडलंय का ते बघायचं होतं. बूच नव्हतं. काकींनी चहाला आत बोलवलं. गोठ्यावरून जाताना अण्णा थबकले. म्हैस बांधली होती ते दावं जमिनीत पुरलेल्या एका कडीतून ओवलेलं होतं. शेणानं माखलेली, पण जाडी लपत नव्हती. अण्णा खाली बसले, अंगठा कडीच्या आतून फिरवला. दाव्यानं घासून घासून आतली बाजू आरशासारखी झाली होती.

"ही कडी कुठली, आबा?"

"ही? ही व्हय. वडलांनी पुरलेली. त्याच गाड्याची आसंल की."

मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. चाळीसेक वर्षं ती तिथंच होती, पन्नास फुटांवर, आणि आम्ही उद्यमनगराच्या खेपा घालत होतो. मागू कशी ते कळेना. काकींनीच विचारलं, "पायजे व्हय तुमाला? मग म्हस काय वाऱ्यावर बांदू?"

नवी कडी गाडीतच होती, आबांना दाखवायला आणलेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी आणि आबांचा नातू पहार घेऊन जमीन फोडत होतो. जुनी कडी फूटभर खोल, खाली सिमेंटच्या गोळ्यात. ती निघाली, नवी तिथं गेली, वरून खडी-सिमेंट ओतलं. म्हैस त्या रात्री लिंबाला बांधली.

जुन्या कडीवर भरवसा ठेवण्याआधी कंपनीत साहेबांना विचारून तिची तडा तपासणी केली. स्वच्छ धुऊन लाल डाय लावायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पंधरा मिनिटं मी तिथून हलले नाही. पांढरं पांढरंच राहिलं.

राहिला रंग. इथं दुसरा वाद. अण्णांना ऑलिव्ह ग्रीन हवा होता, त्यांच्या डोळ्यांसमोर तोच आहे. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ चा १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याची वाहनं सोडून कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. आणि १९८८ च्या कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. बरेच हौशी लोक हा रंग मारून रस्त्यावर फिरतात, मला ते पटत नाही. जो रंग अण्णांनी चोवीस वर्षं नोकरी करून वापरला तो मी पैसे देऊन डब्यातून आणायचा, हे बरोबर वाटत नाही. असं मी त्यांना म्हणाले तेव्हा ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना म्हणाले, "राखाडी मार. जीपला मॅच होईल." आतल्या कोपऱ्यातली चार रंगांची वर्तुळं आणि ती पांढरी कड तशीच राहणार, वर फक्त पारदर्शक लॅकर. आबांनी मागच्या फळीवर स्वतः वेल्डिंग केलेला ओबडधोबड तुकडाही राहणार. तो मजबूत आहे आणि आबांच्या हातचा आहे. त्यावर माझा नि अण्णांचा वाद झाला नाही.

रंग दिवाळीनंतर. त्याआधी पाण्याची परीक्षा. बंद केलेली भोकं उघडून, आटे साफ करून, मी टूलरूममध्ये दोन पितळी बुचं करून आणली. पहिल्यांदा टब भरला तेव्हा पुढच्या उजव्या कोपऱ्यातून धार लागली. भाऊंनी परत टाके मारले. दुसऱ्यांदा कोपरा टिकला, पण एका बुचातून थेंब थेंब.

गेल्या शनिवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा भरला. बोअरच्या पाण्यानं, वीतभर. अण्णांनी पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारली आणि खाली फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. रात्री दोनदा ते बॅटरी घेऊन बाहेर गेल्याचं मला ऐकू आलं.

सकाळी सहाला उठले तर ते ट्रेलरशेजारी स्टूलवर बसलेले. पाणी खडूच्या रेघेला लागून होतं, वर जास्वंदीचं एक पान पडलेलं. मी खाली वाकून वर्तमानपत्रं उचलली. चारही कोरडी. अण्णांनी मला पाना दिला, मी बूच सोडवलं, आणि पाणी फरशीवरून परसात नारळाच्या आळ्याकडं गेलं.